भिंतींतलें पाणी



गेल्या वर्षीं उन्हाळा संपतां संपतां एके सकाळीं ट्रॉम्बेच्या आमच्या घरांत छिन्नी-हातोड्याचें काम चाललें होतें आणि मी शेजारच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. जन्मभर वर्गांत वावरलेल्या मास्तराचा कान एका गोष्टींत तयार झालेला असतो. वर्गांतला गलका कोणत्या क्षणीं बदलला, हें त्यास मान वर न करितां कळतें. त्या सकाळीं तसेंच झालें. विटेवर पडणारा घाव बुजलेला, भुसभुशीत वाजतो. तो आवाज एकाएकीं खणखणीत झाला. मी उठून न्हाणीघरांत गेलों. भिंतींत वीतभर लांबीची उभी खाच पडली होती आणि तिच्या तळाशीं बोटासारखी जाड लोखंडी सळई उघडी पडली होती. मिस्त्री सहजपणें म्हणाला, “मास्तर, सळई मध्यें आली. दोन घाव घातले कीं बाजूस होईल.”

मीं काम थांबविलें. ती सळई आमच्या भिंतीची नव्हती, इमारतीच्या खांबाची होती. तोच खांब आमच्या खालीं एका वृद्ध बाईंच्या स्वयंपाकघरांतून जातो, आणि वर तीन मजले त्याच्या खांद्यावर उभे आहेत.

काम काढण्याचें कारण साधें होतें. माझ्या पत्नीच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली. पाटावर बसून स्नान करावयाचें नाहीं, भरलेली बादली उचलावयाची नाहीं, असें डॉक्टरांनीं बजाविलें. तेव्हां खुर्चीवर बसून अंगावर पाणी घेतां यावें म्हणून भिंतींत शॉवर बसवावा, असें ठरलें. ऊन आणि गार अशा दोन नळ्या भिंतीच्या आंतून आणावयाच्या, त्या एका पितळी झडपेंत मिळवावयाच्या आणि वरून पाण्याचा फवारा सोडावयाचा, एवढेंच तें काम. पण त्या उघड्या सळईकडे पाहतां पाहतां माझ्यांतल्या इतिहासाच्या मास्तरास एक प्रश्न पडला. हें पाणी भिंतींत शिरलें तरी केव्हां? आपल्या वाडवडिलांच्या घरांत तें भिंतीपाशींसुद्धां येत नसे. आज मी त्याचाच थोडा मागोवा घेणार आहें.

आपलें जुनें घर डोळ्यांपुढें आणा. मातीच्या नाहींतर कच्च्या विटांच्या भिंती, लांकडी खांब, वर तुळया. अशा घराचा मोठा वैरी म्हणजे पाणी. म्हणून जाणत्या लोकांनीं पाण्याची सारी व्यवस्था घराच्या पाठीमागें ठेविली. परसांत आड, आडावर रहाट, जवळच दगडी न्हाणी, आणि न्हाणींतून वाहून जाणारें पाणी अळवास नाहींतर केळींस. चुलीवर किंवा बंबांत पाणी तापावयाचें, तें घंगाळांत ओतावयाचें, आणि त्यांत अंगास सोसेल इतकें गार पाणी घालावयाचें. या गार पाण्यास आपण विसण म्हणतों. विसण किती घालावयाचें, हें घरांतल्या बायकांच्या हातांस ठाऊक असे. पाणी माणसांच्या हातांवरून आणि खांद्यांवरून घरांत येई. भिंतीचा त्याच्याशीं कांहीं संबंध नसे.

याचा अर्थ बंद नळांतून पाणी नेण्याची विद्या आपणांस नव्हती, असा नव्हे. अहमदनगरास निजामशाहींत भाजलेल्या मातीचे खापरी नळ जमिनींतून घातले गेले. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें आज ज्यास आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतों त्या शहरास नहर आणिली. पुण्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावांतून बंद नळानें पाणी आलें आणि त्यांतून शहरांतले हौद भरूं लागले. शनिवारवाड्यांतलें हजारी कारंजें पुणेकरांस आजही ठाऊक आहे. परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्या. हें सारें पाणी हौदाशीं किंवा कारंज्याशीं येऊन थांबत असे. राहत्या खोलीच्या भिंतींतून तें वर चढत नसे.

युरोपांत रोमन लोकांनीं शिशाच्या नळ्या घरांत नेल्या. शिशास लॅटिन भाषेंत ‘प्लंबम्’ म्हणतात. आपल्या रोजच्या बोलण्यांतला ‘प्लंबर’ हा शब्द त्यांतूनच निघाला. शिशापेक्षां मातीच्या नळाचें पाणी आरोग्यास बरें, असें विट्रुव्हियस या रोमन स्थापत्यशास्त्रज्ञानें दोन हजार वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें आहे. पुढें १७६७ सालीं विल्यम फीदम नांवाच्या इंग्रजानें डोक्यावर पाणी सोडण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्यांत खालचें पाणी हातपंपानें वर चढवावें लागे. म्हणजे फवारा आला, पण पाण्यास स्वतःचा जोर अजून आला नव्हता.

तो जोर मुंबईस आला १८६० सालीं. तोंपर्यंत शहर विहिरींवर आणि तलावांवर जगत असे. धोबीतलाव, दोनटांकी, गोवालिया टँक हीं नांवें त्या दिवसांची आठवण अजून सांभाळून आहेत. हेन्री कॉनिबेअर या इंजिनियराच्या योजनेनें साष्टींतल्या डोंगरांत विहारचा तलाव बांधला गेला आणि त्याचें पाणी लोखंडी नळांतून शहरांत उतरलें. पुढें १८७९ सालीं तुळशी आणि १८९२ सालीं तानसा हे तलाव आले. तलाव उंचावर आणि शहर सखल, त्यामुळें पाण्याच्या अंगीं वर चढण्याची शक्ति आपोआप आली. रहाट ओढणार्‍या हातांचें काम डोंगराची उंची करूं लागली. मुंबईच्या घरबांधणींतली ही क्रांति कोणा राजाच्या राज्यारोहणाहून लहान नव्हे. पण शाळेच्या पुस्तकांत तिला एक ओळ मिळते, आणि तीसुद्धां मुलें पाठ करून विसरतात.

पाणी वर चढलें तें कोणत्या घरांत? त्या काळच्या चाळी बहुतेक लांकडी सांगाड्याच्या. सागाचे उभे खांब, त्यांवर आडव्या तुळया, आणि मधल्या जागेंत विटांचें भरण. भार वाहावयाचा तो लांकडानें. वीट नुसती आडोशाची. माझें बालपण गिरगांवांतल्या अशाच एका चाळींत गेलें. खोलीच्या कोपर्‍यांत हातभर मोरी. पहाटे नळ आला कीं सारी चाळ जागी होई आणि पिंपें, हंडे, कळशा भरून ठेवण्याची घाई उडे. नळ भिंतीच्या बाहेरून, उघडा वर चढलेला असे. दिसावयास तो कुरूप खरा, पण कोठें गळला तर रस्त्यावरच्या पोरासही दिसे. घात केला तो मोरीनें. तिच्या बुडाशीं झिरपणारें पाणी लांकडी तुळईच्या टोकांत, जेथें ती भिंतींत शिरे नेमक्या तेथें, वर्षानुवर्षें मुरत राहिलें. आंतून भुगा झालेली तुळई वरच्या रंगामुळें धडधाकट दिसे. पुढें मुंबईंत घरें कोसळूं लागलीं, माणसें गेलीं, आणि १९६९ सालीं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं सरकारास स्वतंत्र कायदा करावा लागला. जुनें लांकूड, दुर्लक्ष, पावसाची ओल अशीं अनेक कारणें त्यामागें होतीं. पण मोरीच्या आणि संडासाच्या गळतीचा वांटा त्यांत लहान नव्हता.

दरम्यान बांधणीची रीत बदलली. १९२० नंतर बी.डी.डी. चाळी काँक्रिटच्या उठल्या. १९३० नंतर मरीन ड्राइव्हवर काँक्रिटच्या सांगाड्याच्या देखण्या इमारतींची ओळ उभी राहिली. लांकडी खांबाच्या जागीं लोखंडी सळ्यांचा पिंजरा आणि त्याभोंवतीं काँक्रिट. वीट येथेंही आडोशाचीच राहिली. मात्र एक फरक पडला. चाळींतला सागाचा खांब डोळ्यांस दिसे. काँक्रिटचा खांब पुष्कळ ठिकाणीं भिंतीइतक्याच जाडीचा, नऊ इंचांचा केला गेला आणि गिलाव्याखालीं बुजून गेला. सांगाडा कोठें आणि भरण कोठें, हें घरांत राहणार्‍यास कळेनासें झालें. त्यानंतर लाद्या आल्या, न्हाणीघराचें बाथरूम झालें आणि उघडी नळी गांवंढळ वाटूं लागली. गवंड्याच्या बोलींत ज्यास झरी म्हणतात ती खाच भिंतींत मारून नळी आंत लपविण्याची चाल पडली. म्हणजे सांगाडा लपला आणि पाणीही लपलें. दोन आंधळे एकाच गल्लींत समोरासमोर चालावेत, तशी ही स्थिति.

आतां आमच्या ट्रॉम्बेकडे येतों. याचें जुनें मराठी नांव तुर्भे. खाडीच्या कांठचें हें कोळ्यांचें गांव. एके काळीं हें बेटच होतें. १९५४ नंतरच्या दोन-तीन वर्षांत येथें अणुशक्तीचें केंद्र, तेलशुद्धीचे कारखाने आणि विजेचें केंद्र हीं पाठोपाठ आलीं. १९५६ च्या ऑगस्ट महिन्यांत येथली ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरूं झाली. एका खोल हौदांत ती बुडविलेली होती. हौदांतलें पाणी तिला थंड ठेवी आणि किरणांपासून माणसांचें रक्षणही करी. येथें पाणीच भिंत झालें होतें! कारखान्यांमागून कामगार आले, वसाहती आल्या, आणि त्यांच्यामागून मोठे नळ आले. आज ट्रॉम्बेच्या टेंकडीवरचा उच्चस्तरीय जलाशय आसपासच्या उपनगरांस पाणी पुरवितो, आणि त्याला पाणी पोंचविण्यासाठीं चेंबूरकडून जमिनीच्या पोटांतून खोल बोगदा खणला गेला आहे. तरीही हें पाणी सर्वांच्या भिंतींत सारखें पोंचलेलें नाहीं. १९७६ सालीं जनता कॉलनींतून उठवून चीता कँपांत आणून बसविलेल्या कुटुंबांतलीं मुलें माझ्या वर्गांत होतीं. हंडा भरून, रांग संपवून मग शाळेंत येणारीं तीं मुलें उशीरा आलीं म्हणून मीं त्यांस कधीं बाहेर उभें केलें नाहीं. शॉवरच्या गोष्टी बोलतांना त्यांची आठवण ठेवणें मला उचित वाटतें.

आतां त्या पितळी झडपेविषयीं. दुकानांत तिला मिक्सर किंवा डायव्हर्टर म्हणतात. ऊन पाणी डावीकडून येतें, गार पाणी उजवीकडून, आणि मूठ फिरविली कीं पोटांत दोहोंचें प्रमाण बदलतें. माझ्या पत्नीस मीं हें समजावून सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, “अहो, म्हणजे हें विसणच कीं!” याहून चांगली व्याख्या मला सुचत नाहीं. पण हें यंत्र भिंतींत अडीच-तीन इंच जागा मागतें, आणि तीही मोजून. त्यावरच्या प्लास्टिकच्या टोपणावर दोन खुणा असतात. लादीचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्यें आला पाहिजे. यंत्र फार आंत गेलें तर मूठ बसत नाहीं, आणि फार बाहेर राहिलें तर तबकडीखालीं फट राहून तेथून पाणी भिंतींत शिरतें. गिलावा आणि लादी यांची जाडी आधीं धरून मगच तें बसवावें लागतें.

या अडीच-तीन इंचांचा हिशोब खांबाशीं मांडून पाहा. काँक्रिटच्या खांबांतल्या सळ्यांवर निदान चाळीस मिलिमीटर, म्हणजे सुमारें दीड इंच, काँक्रिटचें कवच असावें असा आपल्याकडील नियम आहे. तेव्हां खांबांत हें यंत्र बसवूं जाल तर कवच फुटून सळई लागणारच. त्यांत मिस्त्र्याचें नशीब वाईट असें कांहीं नाहीं. आणि कवच गेल्यावर काय होतें? आमच्याकडे खाडीचा खारा वारा. त्यांत ओल मिळाली कीं लोखंड गंजतें. गंज हा मूळच्या लोखंडापेक्षां कित्येक पट जागा व्यापतो. तो आंतून फुगून उरलेलें काँक्रिट फोडतो. चाळींतली तुळई कुजली ती ओलीनें, आणि काँक्रिटचा खांब फुटतो तोही ओलीनें. सांगाड्याचें साहित्य बदललें, वैरी तोच राहिला.

विटेच्या भिंतीसही मर्यादा आहे. इंजिनियर लोकांचा नियम असा कीं, भार वाहणार्‍या भिंतींत उभी खाच जाडीच्या एकतृतीयांशाहून खोल नसावी आणि आडवी एकषष्ठांशाहून खोल नसावी. नऊ इंची भिंतींत उभी खाच तीन इंच झाली, तर आडवी दीडच इंच. आडवी खाच अधिक घातक, कारण ती वरून उतरणारा भार सबंध रुंदींत तोडते. असले नियम केवळ आपल्याकडेच आहेत असें नाहीं. अमेरिकेंत घरें लांकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर बांधतात. सोळा-सोळा इंचांवर एक उभी पट्टी. भार वाहणार्‍या पट्टीस रुंदीच्या चौथ्या हिश्शाहून खोल खांच पाडूं नये, असा तेथील नियम आहे. झडपेच्या जागीं नेमकी पट्टी आली, तर तेथला शहाणा कारागीर झडप बाजूस सरकवितो, नाहींतर आधीं नवा आधार देऊन मगच जुन्या पट्टीस हात लावितो. देश निराळा, भिंत निराळी, पण शहाणपण एकच. पाण्यानें सांगाड्याला वळसा घालावा, सांगाड्यानें पाण्याला नव्हे.

आमच्या घरीं पुढें काय झालें तें सांगतों. ज्या ठेकेदारानें काम घेतलें होतें, त्यास मीं इमारतीचा नकाशा पाहिला होता का, असें विचारिलें. तो म्हणाला, “नकाशा कशाला? भिंत ती भिंत.” त्याचा हिशोब चुकता करून मीं त्यास निरोप दिला. दोष त्याचा एकट्याचा म्हणवत नाहीं. तीस वर्षें त्या घरांत राहून खांब कोठें आहे हें मला तरी कोठें ठाऊक होतें? मुलांकडून जगाचे नकाशे काढून घेणार्‍या मास्तरानें स्वतःच्या घराचा नकाशा कधीं पाहिला नव्हता. खालच्या बाईंस जाऊन मीं झालेली गोष्ट सांगितली. त्या इतकेंच म्हणाल्या, “सांगितलेंत हें बरें केलेंत. कोणी सांगत नाहीं.” तें वाक्य मला अजून बोंचतें.

सोसायटीनें इंजिनियर आणिला. त्यांनीं पाहून सांगितलें कीं सळई शाबूत आहे, कवच तेवढें गेलें आहे. सैल झालेलें काँक्रिट काढून, सळई घांसून स्वच्छ करून, दुरुस्तीच्या खास मसाल्यानें ती जागा भरून घेतली. मग माझाच एक जुना विद्यार्थी, जो आज या भागांत नळाचीं कामें करितो, तो आला. त्यानें बोटाच्या पेरानें भिंत वाजवीत वाजवीत खांबाची कड शोधली आणि खडूनें रेघ ओढली. झडप रेघेपासून फूटभर दूर, दाराकडच्या विटेच्या भिंतींत घेतली. पाणी तापविण्याची टांकी माळ्यावर, म्हणून दोन्ही नळ्या वरून सरळ खालीं उतरविल्या. आडवी खाच एकही मारली नाहीं. फवार्‍यास भिंतींतली नळी द्यावयाची नाहींच, असें त्यानें सुचविलें. लवचीक नळीवरचा हातांत धरावयाचा फवारा घेतला. खुर्चीवर बसणार्‍यास तोच सोयीचा. लादी लावण्यापूर्वीं नळ्यांचीं तोंडें बंद करून, पंपानें दाब भरून, रात्रभर तशाच ठेविल्या. सकाळीं दाबमापकाचा कांटा जागच्या जागीं होता.

त्यानंतर मीं एक काम केलें, जें आपणां सर्वांस करावयास सांगतों. भिंत बुजविण्यापूर्वीं मीं तिचा नकाशा काढिला. खांबाची कड कोठें, नळ्या दारापासून किती इंचांवर, झडप जमिनीपासून किती उंच, सारें मोजून लिहिलें. एक प्रत घराच्या कागदपत्रांत ठेविली, दुसरी सोसायटीच्या दप्तरांत दिली. आमच्यामागून या घरांत जो कोणी राहील आणि ही भिंत फोडूं पाहील, त्याच्या हातीं तो कागद लागावा. कात्रजचा नळ बांधणार्‍यांनीं वाटेंत जागोजाग उच्छ्वास ठेविले होते. त्यांतून नळांतली हवा बाहेर पडे आणि नळ कोठून जातो हेंही मागच्यांस कळे. आपण भिंतीला उच्छ्वास ठेवीत नाहीं. निदान कागद तरी ठेवावा.

काम संपल्यावर पहिल्या दिवशीं मी दाराबाहेर उभा होतों, पाय घसरेल कीं काय या धास्तीनें. आंत पाण्याचा आवाज चालू झाला. थोड्या वेळानें विचारिलें, “पाणी ठीक आहे ना?” आंतून उत्तर आलें, “विसण थोडें जास्त झालें होतें, आतां बरोबर आहे. तुम्ही जा, चहा ठेवा.”

मीं चहा ठेविला.